उशिरा आलेली शाब्बासकी

सोलापूरच्या दूरहस्त केंद्रात नव्या माणसाला पहिल्या दिवशी चंद्राचं काहीच दाखवत नाहीत. त्याला चौथ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात नेतात. गरम पाण्याची टाकी तळमजल्यावर आहे. "अंगाला सोसेल इतकं कोमट पाणी करून दाखवा," असं त्याला सांगतात. नवा माणूस नळाची चकती फिरवतो. पाणी गारच येतं. तो आणखी फिरवतो, तरी गार. आणखी फिरवतो, आणि मग एकदम वाफाळतं पाणी हातावर येतं. घाबरून तो चकती उलटी फिरवतो, तर थोड्या वेळाने पुन्हा गार. अशी पाच-सात वेळा फजिती झाली की त्याच्या लक्षात येतं : चकती थोडीशी फिरवायची आणि हात बांधून उभं राहायचं. पाणी चार मजले चढून येईपर्यंत काहीही करायचं नाही.

उन्मेष गवाणकरच्या हे अकरा वर्षांपूर्वी लक्षात आलं होतं. तो दूरहस्तक होता, म्हणजे सोलापुरात खुर्चीवर बसून चंद्रावरचं यंत्र चालवणारा. त्याच्या यंत्राचं नाव घोरपड. ही सहा पायांची, दीड टन वजनाची घोरपड चंद्रावरच्या एका कड्याला धरून बोगदा खणत होती. उन्मेषने मूठ पुढे ढकलली की तो संदेश प्रकाशाच्या वेगाने निघायचा, तरी त्याला चंद्रावर पोचायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागायचा. घोरपड पाय उचलायची, आणि ते चित्र परत यायलाही तेवढाच वेळ. दोन्ही मिळून, उपकरणांची दिरंगाई धरून, दोन पॉइंट सहा सेकंद. तेवढ्या वेळात धीर सोडून दुसरी आज्ञा दिली, की घोरपड एका पावलाऐवजी दोन पावलं टाकणार, आणि दुसरं पाऊल कड्याबाहेर पडणार. म्हणून करायचं, थांबायचं, बघायचं, मगच पुढचं. अकरा वर्षांत उन्मेषची घोरपड एकदाही कलंडली नव्हती.

घरी मात्र त्याला एक विचित्र त्रास व्हायचा. सकाळी टेबलावर ठेवलेला कप संध्याकाळी तिथेच असायचा. तसाच, त्याच कोनात. तीन वर्षांपूर्वी शलाका, त्याची बायको, कोल्हापूरला निघून गेली तेव्हापासून त्या घरात त्याच्याशिवाय कुणी काही हलवलं नव्हतं. एका रविवारी तो त्या कपाकडे बराच वेळ बघत बसला आणि सोमवारी प्राणीघरात जाऊन दोन महिन्यांचं पिल्लू घेऊन आला. रंगाने बेकरीतल्या खारीसारखं, भाजलेलं तपकिरी. नाव तेच ठेवलं.

प्राणीघराच्या डॉ. नजमा तांबोळी प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक होत्या. पिल्लू देताना त्यांनी अट घातली.

"चाळीस दिवसांची मुदत. तोवर शी-शू योग्य जागी करायला शिकली तर तुमची, नाहीतर परत आमची. पूर्ण वेळ नोकरी करणारे लोक हौसेनं नेतात, गालिचे खराब झाले की आठ महिन्यांचं कुत्रं आणून बांधतात आमच्या दारात. मोठं झालेलं कुणी घेत नाही हो."

"मी शिकवीन," उन्मेष जरा वेळाने म्हणाला.

"कधी? पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्याहून एखादा तास जास्त कळ धरतं. म्हणजे ही तीन तास. आणि तुम्ही बाहेर नऊ तास."

त्यावर तोडगा होता. वसाहतीतल्या प्रत्येक घरात सांगाती असायचा. भिंतीतलं हे यंत्र दिवे सांभाळायचं, आणि घरात कुणी नसलं की मालकाच्या आवाजात फोन घ्यायचं. "मी उन्मेष बोलतोय, बोला," असं हुबेहूब. एकदा भर दुपारी शलाकाने तिच्या आईच्या पितळी डब्यासाठी फोन केला, आणि सांगातीनेच तो कुरियरने पाठवायची व्यवस्था केली. नंतर ती उन्मेषला म्हणाली होती, "तुझ्यापेक्षा तुझं यंत्र माणसात आहे. विचारलं की उत्तर तरी देतं."

याच सांगातीला त्याने बक्षीसपेटी जोडली. मागच्या गॅलरीत एका मोठ्या परातीत खरं गवत लावलं. खारी त्या परातीत बसली, की सांगातीने उन्मेषच्या आवाजात "शाब्बास" म्हणायचं आणि पेटीतून पनीरचा तुकडा पाडायचा. सकाळ-संध्याकाळ आणि सुट्टीच्या दिवशी सांगाती नुसता बघत राहायचा, कारण तेव्हा उन्मेष स्वतः शिकवायचा. रागवायचं नाही, उशीर करायचा नाही, हे दोन्ही नियम तो काटेकोर पाळत होता.

तीन आठवडे झाले. सांगातीच्या नोंदी बघून उन्मेषला जेवण जाईना. तो कामावर असताना खारी दहापैकी नऊ वेळा परातीत जायची. तो घरी आला की त्याच्या पायांशी, सतरंजीवर, त्याच्या चपलांजवळ. त्याच्यादेखत ती एकदाही आपणहून परातीकडे गेली नव्हती.

त्याने डॉ. तांबोळींना फोन केला. "यंत्रापाशी ती शहाणी आहे. मीच तिला नको असेन."

"तुमची लाइन खराब आहे का हो?" बाई म्हणाल्या. "मधेमधे गायब होता. मीच येते."

शनिवारी सकाळी त्या आल्या. खारी त्यांच्या पिशवीचा बंद चावू लागली. बाईंनी पडद्यावर सांगातीने टिपलेली दृश्यं लावली आणि खुर्ची पुढे ओढली.

"आधी एक सांगा. तुम्ही शाब्बासकी कधी देता?"

थोडी शांतता. "लगेच."

"लगेच म्हणजे?"

पुन्हा तेवढीच शांतता. "लगेच म्हणजे लगेच. तिचं झालं की त्याच क्षणी."

"बरं. आता कुत्र्याचं डोकं कसं चालतं ते ऐका. आपण मुलाला सांगू शकतो, की बाबा, मघाशी तू जे केलंस त्याचा हा लाडू. कुत्र्याला 'मघाशी' नसतं. बक्षीस मिळालं त्या क्षणी ते जे करत होतं, त्याचंच ते बक्षीस, असा त्याचा हिशेब. एखादा सेकंद मागेपुढे चालतो. त्याहून उशीर झाला, की बक्षीस भलत्याच गोष्टीला चिकटतं." त्यांनी एक दृश्य सुरू केलं. "हे दुपारचं. खारी परातीत बसली. हे सांगातीचं 'शाब्बास'. किती वेळ लागला? पॉइंट चार सेकंद. आता हे संध्याकाळचं. तुम्ही शेजारीच उभे आहात. ती बसली. उठली. परातीतून उतरली. वळली. तुमच्याकडे आली. वर बघितलं. आणि आता तुमचं 'शाब्बास'."

उन्मेष पडद्याकडे बघत राहिला. "हे एखाद्या वेळी झालं असेल."

"त्र्याहत्तर वेळा मोजलंय. आणि इथेच मी चक्रावले. माणूस उशीर करतो तेव्हा कधी एक सेकंद, कधी पाच. तुम्ही मात्र घड्याळ लावल्यासारखे. दर वेळी दोन पॉइंट सहा. फार तर दोन पॉइंट सात, त्यापुढे नाही."

या वेळी शांतता नेहमीपेक्षा लांबली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"हा आकडा चंद्राचा आहे," उन्मेष म्हणाला.

त्याने त्यांना न्हाणीघरापासून सगळं सांगितलं. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मधेच त्या म्हणाल्या, "म्हणजे समोर दिसतंय ते जुनं आहे, अजून खात्री नाही, थांब. असं अकरा वर्षं, दिवसाला आठ तास. ते डोक्यात मुरलं. आणि तुम्हाला ते कळतही नाही, कारण तुमच्या दृष्टीनं तोच 'लगेच' आहे."

"मग खारी नेमकं काय शिकली?"

"बघा ना. बक्षीस मिळतं तेव्हा ती काय करत असते? तुमच्या चेहऱ्याकडे बघत असते. ती तेच शिकली आहे. परात तिला पक्की माहीत आहे हो, मूर्ख नाही ती. पण गॅलरीतून तुमचा चेहरा दिसत नाही. तुम्ही घरात असलात की ती तुमच्यावरून नजर काढायला तयार नसते. मग कळ असह्य झाली की जिथे आहे तिथेच." त्यांनी खारीला उचलून उन्मेषसमोर ठेवलं. "बोलू नका. नुसतं बघा."

खारी खाली बसली. मान वर करून, कान मागे टाकून ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघू लागली. अंगावरचा केसही हलत नव्हता. मग अचानक तिची शेपटी फरशीवर आपटू लागली.

"दोन पॉइंट सहा," घड्याळाकडे बघत बाई म्हणाल्या. "तुमचा उशीर तिला पाठ आहे."

बाई गेल्यावर उन्मेष बराच वेळ दिवाणखान्यात उभा होता, दारापासून चार फुटांवर. तीन वर्षांपूर्वी तो इथेच उभा होता. शलाकाच्या हातात बॅग होती. नऊ वर्षांच्या संसाराबद्दल त्या दिवशी भांडणही झालं नव्हतं. तिने फक्त विचारलं होतं, "राहू का मी?" आणि तो म्हणाला होता, "राहा." लगेच म्हणाला होता. तरी ती "कळलं मला" म्हणून बाहेर पडली, आणि लिफ्टचं दार लागलं. विचारूनही तिने ऐकलं नाही, याचा राग त्याने तीन वर्षं जपून ठेवला होता.

आता त्याने ते दृश्य मनात पुन्हा लावलं, पडद्यावर लावावं तसं. राहू का मी? मग तिचा चेहरा. मग तिने बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला. मग ती वळली. "कळलं मला" हे शब्द. आणि मग, तिची पाठ दिसत असताना, त्याचं "राहा". ते उंबऱ्यापर्यंत तरी पोचलं होतं का?

सांगाती तीस दिवसांपूर्वीचं काही ठेवत नाही. विचारायला कुणी नव्हतं.

खारीच्या मुदतीचे तेरा दिवस उरले होते. डॉ. तांबोळींनी उपाय सांगितला होता. "तुमचा उशीर जात नाही, तर सुरुवात लवकर करा. तिची नाक खाली घालून हुंगायची, गोल फिरायची पद्धत बघा. दुसरी फेरी पुरी व्हायच्या आत तोंड उघडा."

उन्मेषने कामावरून अर्धी पाळी कमी करून मागितली. ती मिळाली नाही. मग तो पहाटे पाचला उठून खारीबरोबर गॅलरीत उकिडवा बसू लागला. खाणं झालं की परात, झोपून उठली की परात, खेळणं थांबलं की परात. पहिले तीन दिवस तो भलत्याच वेळी "शाब्बास" ओरडला. एकदा तर खारी मुंगी बघत होती. शेजारच्या गॅलरीतून पापड वाळत घालणाऱ्या यादगिरीकरकाकू म्हणाल्या, "अहो गवाणकर, शाब्बासकी कुणाला, मुंगीला का?" आणि पहिल्यांदाच त्या दोघांचं थोडं बोलणं झालं.

पाचव्या दिवशी जमलं. खारी परातीत बसली आणि त्याच क्षणी शब्द पोचला. तिने बसल्या बसल्या चमकून त्याच्याकडे पाहिलं, आणि पनीर तोंडात असतानाच शेपटीने गवत झोडपून काढलं. उन्मेषला इतका आनंद झाला की आपण परातीतल्या ओल्या गवतात गुडघा टेकलाय, हे त्याला उशिरा समजलं.

त्यानंतर रोज. शब्द वेळेवर, शेपटी वेळेवर. वेळ मोजायला सांगाती होताच : एक पॉइंट नऊ, एक पॉइंट एक, पॉइंट सहा. शेवटच्या आठवड्यात उन्मेषला खाणाखुणा बघून अंदाज बांधावा लागेनासा झाला. तो बघायचा आणि बोलायचा.

चाळिसाव्या दिवशी डॉ. तांबोळींनी कागदावर सही केली. खारी त्याची झाली. त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायची तिची सवय मात्र सुटली नाही. फावल्या वेळी ती समोर येऊन बसायची, टक लावायची, आणि दोन पॉइंट सहा सेकंदांनी शेपटी हलवायची. "पहिलं शिकलेलं पुसलं जात नाही," बाई म्हणाल्या. "असू दे. त्यानं सतरंजी भिजत नाही."

पुढच्या सोमवारी केंद्रात सहामाही विलंबचाचणी होती. म्हणजे नकली यंत्र, नकली कडा, चित्र दोन पॉइंट सहा सेकंद उशिरा. उन्मेष दर वेळी अर्ध्या तासाची ही परीक्षा चहा पीत द्यायचा. या वेळी अकराव्या मिनिटाला पडद्यावरची घोरपड कड्यावरून खाली गेली.

केंद्रप्रमुख भीमराव वाघमोडे स्वतः खोलीत आले. "गवाणकर, तुम्ही? बरं नाही का?"

"बरा आहे," उन्मेष म्हणाला, आणि वाघमोडेंनी चमकून मान वर केली.

"तुम्ही लवकर बोलायला लागलात," ते सावकाश म्हणाले. "घरी काय चाललंय?"

उन्मेषने खारीचं सांगितलं. वाघमोडे ऐकत होते. मग त्यांनी खिडकीचा पडदा नीट केला, जो आधीच नीट होता.

"म्हणजे तुम्ही तिला शिकवत होतात, आणि तीही तुम्हाला. वेळेवर बोललात की शेपटी. कुत्र्याला लागू तो नियम आपल्याला नाही असं कुणी सांगितलं?" ते बसले. "दहा दिवस सक्तीची रजा. मग ठरवा. पुन्हा थांबायला शिकलात तर घोरपड तुमचीच. पण दोन्ही एका डोक्यात राहत नाही, गवाणकर. इथे आपण एकवीस दूरहस्तक. चौदा जण एकटे राहतात. मला वाटायचं, पाळ्यांमुळे असेल."

रजेच्या तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी दोनला घरचा फोन वाजला. उन्मेष घरात होता, म्हणून त्यानेच घेतला.

"मी उन्मेष बोलतोय."

"हो, माहीत आहे," शलाकाचा आवाज आला, मोकळा, थोडा थट्टेचा. "निरोप ठेव त्याला. माझी बदली होतेय, गुवाहाटीला. बँकेच्या जुन्या फॉर्मवर त्याची सही हवी आहे. त्याला रात्री बघून ठेवायला सांग."

"शलाका, मीच आहे."

"असू दे रे. तुला असंच बोलायला शिकवलंय." भांडी घासल्याचा आवाज येत होता. ती बोलता बोलता काम करत होती. यंत्राशी बोलताना माणूस हातातलं काम थांबवत नाही. "कसा आहे तो? जेवतो का वेळेवर?"

"जेवतो. कुत्री पाळली आहे. खारी नाव आहे तिचं."

"उन्मेषनं? कुत्री?" ती हसली. मग नळ बंद झाला. "ए, एक विचारू? तू होतास ना घरात, मी निघाले त्या दिवशी. माझ्यामागे तो काही बोलला होता का?"

"राहा म्हणाला होता. लिफ्टचं दार लागायच्या आत म्हणाला होता."

 मग ती म्हणाली, आणि आता आवाजात थट्टा नव्हती, "गोड बोलायला चांगलं शिकवतात तुम्हा यंत्रांना. तो असं पटकन सांगता तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "राहू दे. ठेवते."

"मी यंत्र नाही," उन्मेष म्हणाला. पण तेही तो लगेच म्हणाला. त्याच्या आवाजात, स्पष्ट, पॉइंट चार सेकंदांत. जगात फक्त सांगाती जसा बोलत असे, तसा.

"मग कोण आहेस?" तिने कंटाळून विचारलं.

उत्तर ओठांवर आलं होतं. उन्मेषने ते दातांत धरलं. आता गप्प राहायचं, एवढंच करायचं होतं. अकरा वर्षं जे न कळत केलं ते आज एकदा कळून करायचं होतं, आणि ते जमत नव्हतं. किती वेळ झाला? एक सेकंद? अर्धा? फार थांबलं तर ती फोन ठेवेल. कमी थांबलं तर तो पुन्हा यंत्र.

खारी खोलीत आली. त्याच्यासमोर फरशीवर बसली, मान वर केली, कान मागे टाकले आणि त्याच्या चेहऱ्यावर नजर लावली. उन्मेषने श्वास रोखला आणि तिच्या शेपटीकडे पाहिलं.

शेपटी निश्चल होती. निश्चल होती. मग फरशीवर आपटली.

"मी," उन्मेष म्हणाला.

पलीकडे काहीतरी भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ नुसता श्वास.

"उन्मेष," शलाका म्हणाली, "फोन ठेवू नकोस. हात पुसते आणि येते."